देणाऱ्याची झडती

नाशिक रोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. माझी सगळी नोकरी त्या नोटा छापणाऱ्या प्रेसच्या भिंतीआड गेली. तपासणीच्या खात्यात होतो. छापून आलेला कागद उजेडात धरायचा आणि त्यात खोट शोधायची, हे काम. खोट सापडली नाही की आपलंच काहीतरी सुटलं असं वाटायचं. आणि सुट्टी झाली की रांगेत उभं राहून दोन्ही हात वर करायचे. झडती. डबा उघडा, पिशवी उलटी करा, खिसे दाखवा. साहेब असो की शिपाई, झडती दिल्याशिवाय कुणी फाटकाबाहेर पडत नसे. त्यात कुणाला अपमानही वाटत नसे. उलट झडती घेणाऱ्यानं नुसता हात फिरवल्यासारखा केला, तर आम्हीच विचारायचो, "काय, आज घाईत का?"

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अजूनही लग्नाच्या हॉलमधून बाहेर पडताना माझे हात आपोआप अर्धे वर जातात. बघणारे हसतात. हसू देत. जी सवय पोटाला भाकरी देते ती सहजासहजी सुटत नाही.

आमच्या कॉलनीच्या मधोमध महापालिकेचा एक मोकळा प्लॉट आहे. कागदोपत्री ते उद्यान आहे. प्रत्यक्षात गाजरगवत, एक मोडकी घसरगुंडी, कुणाकुणाच्या स्मरणार्थ दिलेले सिमेंटचे बाक आणि एक दिव्याचा खांब, ज्याचा दिवा मी तरी कधी लागलेला पाहिला नाही. पण संध्याकाळ झाली की कॉलनीतल्या बायका त्या बाकांवर जमायच्या आणि त्यांच्यात आमची ही पुढारी. ही विंचूरकडची. कांद्याच्या खळ्यावर वाढलेला आवाज. प्लॉटवर बोलली तरी मला गॅलरीत सगळं ऐकू यायचं. निदान मला तसं वाटायचं. मी गॅलरीत आलोय हे दिसलं की आवाज खाली यायचा, हे मात्र मी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती प्लॉटवरून परत येताना मोटारसायकलवर दोघं आले. मागच्यानं मोबाइल पुढं केला. "मावशी, हा पत्ता कुठं आला?" विंचूरच्या माणसाला कुणी पत्ता विचारला तर तो घरापर्यंत पोहोचवून येतो. ही वाकली. मंगळसूत्राला हिसका बसला, ही गुडघ्यांवर पडली आणि मोटारसायकल निघून गेली. एक वाटी आणि थोडे काळे मणी तिच्या मुठीत राहिले. मानेवर दोऱ्यानं कापल्यासारखा लाल वळ उठला होता. मी धावत गेलो तेव्हा ती रस्त्यात बसून चप्पल शोधत होती. मला पाहून म्हणाली, "एक सापडली, दुसरी बघा बरं."

त्या दिवसापासून मी तिला एकटीला सोडलं नाही. प्लॉटवर निघाली की काठी घेऊन मी मागे. ती बायकांत बसली की मी समोरच्या बाकावर. मोटारसायकल हळू झाली की मी उठून उभा राहायचो. पार्सलवाल्या मुलांना थांबवून विचारायचो, कुणाकडे, कशासाठी, नाव काय. एकदा शेजारच्या बाईचा सख्खा भाऊ तिला भेटायला आला, त्याचीही चौकशी केली. तो माझ्याकडे बघत राहिला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात माझं काय चुकलं?

थोडे दिवस ती गेली. मग म्हणाली, "गुडघे दुखतात." मग जायचीच बंद झाली. संध्याकाळी गॅसपाशी उभी राहून उगाच भांडी पुसत राहायची. बायका हाका मारायच्या, ही आतूनच "उद्या येते" म्हणायची. तो खळ्यावरचा आवाज घरातल्या घरात इतका लहान झाला की मला दोन-दोनदा विचारावं लागायचं. मी कॉलनीत सगळ्यांना सांगितलं, तिनं धास्ती घेतलीय. प्लॉटवर उजेड आला, वस्ती हलती राहिली, तरच ती बाहेर पडेल. मला मनापासून तसंच वाटत होतं आणि रोज संध्याकाळी मला फार वाईट वाटत होतं.

तेव्हा कॉलनीची समिती बसली. अध्यक्ष आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त शाळामास्तर. माणूस सरळ. सरळ माणसाला अध्यक्ष केलं की वाकडी माणसं लगेच वास काढत येतात, म्हणून मीही समितीत शिरलो. ठरलं असं की प्लॉट साफ करायचा, दिवे लावायचे, बाक दुरुस्त करायचे आणि चारी कोपऱ्यांवर कॅमेरे बसवायचे. फक्त पैसा कुठून आणायचा, एवढंच राहिलं होतं.

आधी वर्गणी काढून पाहिली. गणपतीला न बोलता पैसे देणारी माणसं दिव्याला पैसे मागितले की कायदा बोलायला लागतात. घरमालक म्हणाले, राहतो भाडेकरू, त्यानं द्यावेत. भाडेकरू म्हणाले, प्लॉटमुळे भाव वाढणार तो मालकाच्या घराचा. वरच्या मजल्यावरच्यांना चोरी ही तळमजल्याची अडचण वाटत होती. मग आम्ही नगरसेवकाच्या निधीची आशा धरली. पण तेव्हा निवडणुकाच झालेल्या नव्हत्या. शहरात जिकडं बघावं तिकडं फलक, कुणी माजी, कुणी भावी. चालू कुणीच नाही. आमचे माजी घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "निधीची काळजीच करू नका. मी निवडून यायचा अवकाश." मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि आमची छत्री जागेवर आहे ना, ते पाहिलं.

मग अध्यक्षांच्या एका माजी विद्यार्थ्यानं कारखान्याचा रस्ता दाखवला. कारखान्यांना समाजकार्यासाठी पैसा वेगळा काढावा लागतो, त्यातून वस्ती सुरक्षित करायच्या योजना होतात. तिथून एक मुलगी आली. चुणचुणीत होती, बोलणं गोड. प्लॉटचे फोटो काढले, गाजरगवताचे तर दहा बाजूंनी. मग म्हणाली, "ज्या काकूंची चेन गेली त्यांचाही एक फोटो लागेल. मानेजवळचा. आधीची परिस्थिती आणि नंतरची परिस्थिती असं दाखवायचं असतं. शेवटी उद्घाटनाला काकू दोन शब्द बोलल्या तर छानच." ही आत पोहे करत होती. मी विचारलं, "फोटो कुठं लागणार?" मुलगी म्हणाली, "अहवालात. आणि कदाचित कंपनीच्या फाटकावर." म्हणजे माझ्या बायकोची मान फाटकावर टांगून ते आमच्याकडं दिवे लावणार. मी म्हटलं, पोहे खाऊन जा. अध्यक्ष महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणि मग बिल्डर आला. प्लॉटच्या मागची द्राक्षबाग त्यानं विकत घेतली होती. बाग तोडली होती आणि लोखंडी पत्र्यांचं कुंपण घातलं होतं. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, दारात येऊन आधी माझ्या पाया पडला. माझ्या पाया कुणी पडलं की मी आधी खिसा चाचपतो.

"काका, आपण समाजाचं देणं लागतो," तो म्हणाला. "दिवे, बाक, कॅमेरे, पेव्हर ब्लॉक, मुलांची खेळणी, सगळं मी करतो. कॉलनीनं एक रुपया काढायचा नाही."

"आणि अट?" मी विचारलं.

"अट कसली? एक छोटा बोर्ड, आमच्या वडिलांच्या नावाचा."

अध्यक्षांचे डोळे भरून आले. मी विचारलं, "तुमच्या स्कीमला रस्ता कुठून आहे?"

"मागून आहे ना काका."

"मागचा रस्ता केवढा?"

तो हसला. "आहे तेवढा पुरतो." मग जरा थांबून म्हणाला, "पेव्हर ब्लॉक मधोमध सरळ टाकू. चालायला बरं पडेल."

मधोमध सरळ. आमच्या फाटकापासून त्याच्या पत्र्याच्या कुंपणापर्यंत. आज पायवाट, उद्या गाडीवाट, परवा तिच्यावर त्याच्या स्कीमचं प्रवेशद्वार. पाणी कुठं मुरतंय ते मला त्या एका वाक्यात दिसलं. अध्यक्षांना दिसलं नाही. मी सही करायला नकार दिला. माझ्यामुळे आणखी काहीजण अडले आणि गाडं तिथंच थांबलं. कॉलनीत माझं नाव झडतीवाले काका पडलं. खरं सांगायचं तर मला ते नाव आवडलं.

त्या बिल्डरनं पुढं शेजारच्या कॉलनीला बाक दिले. तिथं म्हाताऱ्या निवांत बसतात. रस्ता अजून काढलेला नाही. अजून, असं मी म्हणतो.

एवढ्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. चोर सापडले होते. मंगळसूत्र मात्र सापडलं नव्हतं. त्यांनी ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सराफाला विकलं होतं आणि त्यानं ते वितळवलं होतं. आणखी कितीतरी बायकांच्या चेनी, पोती, मंगळसूत्रं एकाच मुशीत वितळवून त्यानं लगड केली होती. ती लगड पोलिसांनी जप्त केली. मग तक्रारीत लिहिलेल्या वजनाप्रमाणं ज्याचा त्याला वाटा. त्यासाठी वकील, कोर्टात अर्ज आणि हमीपत्र, की केस संपेपर्यंत हे सोनं विकणार नाही, मोडणार नाही, मागाल तेव्हा हजर करू.

घरी आलेला तो तुकडा मी खिडकीत उजेडाला धरला. पिवळा, ओबडधोबड, सुपारीच्या खांडासारखा. सवयीनं मी त्यात खोट शोधत होतो. म्हटलं, "हे आपलंच सोनं आहे कशावरून?"

ही म्हणाली, "आपलं नाहीच ते. एकटीचं नाही. कुणाकुणाचं हाय त्यात, काय माहीत. कुणी रडली असंल, कुणाचा नवरा नसंल राहिला." तिनं तो तुकडा हातात घेतला, वजन केल्यासारखा हलवला आणि परत माझ्या हातात दिला. "मी नाय हे गळ्यात घालणार."

मी तो कपाटात ठेवला. चावी दोनदा ओढून पाहिली.

पुढची बैठक आमच्याच हॉलमध्ये होती. विषय पुन्हा बिल्डर. त्याचा निरोप होता की आता नाही तर कधीच नाही. मी पेव्हर ब्लॉकचं पुराण पुन्हा सांगायला लागलो, तेव्हा अध्यक्षांचा संयम सुटला. शाळेत ओरडत असतील तसे ओरडले नाहीत, हळू बोलले, म्हणून जास्त लागलं.

"माजी नको, कंपनी नको, बिल्डर नको. तुम्हाला जगात एक तरी देणारा सरळ दिसलाय का? इथं तुमच्याच घरात ती बाई कोंडून बसलीय. तिच्यासाठी चाललंय हे सगळं. मग द्या ना तुम्हीच."

माझ्या पेन्शनीत खांबाचा पायासुद्धा झाला नसता.

तेवढ्यात ही आतून चहाचा ट्रे घेऊन आली. टीपॉयवर कप ठेवले, ट्रे ठेवला आणि ट्रेमधल्या रुमालाची गाठ सोडली. आत पाटल्या. लग्नात तिच्या वडिलांनी घातलेल्या. त्या साली कांद्याला कधी नव्हे तो भाव मिळाला होता आणि सासऱ्यांनी विंचूरच्या बाजारातून सरळ सराफाच्या पेढीवर जाऊन त्या घेतल्या होत्या, ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलोय.

"यातून होईल ना हो?" तिनं अध्यक्षांना विचारलं. "आजचा भाव लय वर हाय म्हणतात."

अध्यक्ष उभेच राहिले. "वहिनी, अहो, असं कसं?"

"असंच. दिवे लावा, गवत काढा, बाक नीट करा. बोर्ड नको."

"आणि कॅमेरे?"

"कॅमेरे नको," ती म्हणाली. "बघणारे आहेत तेवढे पुरेत."

मला वाटलं, गॅलऱ्यांतून टकमक बघणाऱ्या शेजाऱ्यांना तिनं टोमणा मारला. मनातल्या मनात मी तिला शाबासकीही दिली.

रात्री जेवताना मी म्हटलं, "त्या पाटल्या गेल्या त्या गेल्या. लगडीचा तुकडा विकता येत नाही, हमीपत्र लिहून दिलंय."

"माहीत हाय. केस संपली की त्या तुकड्याच्याच पाटल्या करीन. मंगळसूत्र नको, पाटल्या चालतील. हातातलं सोनं दिसत राहतं." तिनं सगळा विचार आधीच केलेला होता. कधी केला? माझ्या समोर तर नाही. मी तिच्याकडं निरखून पाहिलं. इतकी वर्षं मी जिच्या हातचं खातोय, तिच्या डोक्यात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, "फुकट कुणी देत नाही. तुझी अट काय?"

"हाय एक. दिवे लागू द्या, मग सांगते."

झालं. माझी झोप उडाली. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातल्या साहेबांनी 'करा, हरकत नाही' असं तोंडी सांगितलं. लेखी मागितलं तर त्यांनी माझ्याकडंच संशयानं पाहिलं. गवत निघालं, सोलरचे खांब उभे राहिले, बाकांना रंग लागला. आणि या सगळ्या काळात मी अट कसली असेल याचाच विचार करत होतो. तीर्थयात्रा असेल? माहेरच्या कुणाला उसने द्यायचे असतील? धुण्याचं मशीन? मी आडून आडून विचारून पाहिलं. ती चहा पुढं करायची आणि दुसऱ्याच विषयावर जायची. बिल्डर परवडला, त्याचा नकाशा तरी समोर होता.

दिवे लागले त्या संध्याकाळी उद्घाटन वगैरे काही झालं नाही. अंधारायला लागलं आणि खांब आपापले उजळले, पांढरे, सगळे एकदम. बायकांनी खालून हाक मारली. हिनं केस सारखे केले, चांगली साडी नेसली, पायात चप्पल घातली. मी काठी घेतली.

"काठी ठेवा," ती म्हणाली.

"का?"

"ती अट. मी एकटी जाणार. तुम्ही मागं यायचं नाय."

मी म्हटलं, "अगं, पण तू घाबरतेस म्हणून तर—"

"मी कुठं घाबरते?"

"मग इतके दिवस घरात का बसलीस? गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय." ती दारात उभी होती, चिडलेली नव्हती, पदर ठीक करत होती. "चोर एकदा आला आन् गेला. तुम्ही रोज मागं. कुणाच्या भावाला हटका, कुणाच्या पोराला पकडा. बायका बोलायच्या बंद झाल्या माझ्याशी, तुमच्यासमोर काय बोलणार? त्यापरीस घर बरं म्हटलं. भीक नको पण कुत्रा आवर, तशी गत."

मी काठी भिंतीला लावली. ती घसरून पडली, पुन्हा लावली.

"गॅलरीतूनही बघायचं नाय," ती जिना उतरता उतरता म्हणाली.

मी आत येऊन खिडकीकडं पाठ करून खुर्चीवर बसलो. रागावलो होतो. मला दुखलंही होतं, खोटं कशाला बोलू? जिच्यासाठी सगळ्या देणाऱ्यांचे खिसे तपासले, तिनंच मला उभं करून हात वर करायला लावले आणि माझ्या खिशात काय निघालं तेही दाखवलं. एक मोटारसायकल गेली. मी कान दिले. दुसरी आली आणि प्लॉटपाशी हळू झाली. मी अर्धा उठलो. कोणाची असेल? पार्सलवाला? कुणाचा भाऊ? गाडी थांबली, पुन्हा सुरू झाली, गेली. मी खाली बसलो. मानेला घाम आला होता.

मग प्लॉटवरून हसणं ऐकू आलं. चार-पाच बायकांचं आणि त्या सगळ्यांवरून चढलेलं एक, मोकळं, खळ्यावरचं. घरात ती हसते, पाहुण्यांत हसते, ते मला पाठ आहे. हे वेगळं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी नसताना ती कशी हसते, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

मी उठलो आणि पंखा बंद केला. खिडकीकडं पाहिलं नाही. फक्त नीट ऐकू यावं म्हणून बसून राहिलो.